समवयस्कांचा सहवास व उत्तरायुष्यातील मानसिक स्वास्थ्य

कुमारावस्थेत, म्हणजे सामान्यतः वयाच्या १० ते १९ वर्षांच्या काळात, जवळजवळ सारख्या वयाच्या मुलामुलींच्या मैत्रीतून, चढाओढीतून, छळातून किंवा उपेक्षेतून व्यक्तीच्या मनोरचनेवर जे संस्कार होतात व ज्यांचा माग प्रौढपणीही काढता येतो, त्यांचा विचार विकासात्मक मानसशास्त्र, मनोविकारविज्ञान आणि समाजशास्त्र या तिन्ही शास्त्रांत केला जातो. ‘समवयस्क’ या एकाच शब्दाखाली निदान तीन प्रकारचे संबंध एकत्र येतात. पहिला जिवलग मित्राशी असलेला. तो दोघांनी निवडलेला व परस्परविश्वासावर उभा असतो. दुसरा कंपूशी असलेला. त्यात स्थान मिळवावे लागते आणि टिकवावेही लागते. तिसरा संबंध वर्गाशी किंवा वसतिगृहाशी असतो. तो कोणीच निवडलेला नसतो; हजेरीपटाने तो ठरविलेला असतो. या तिन्हींचे उत्तरायुष्यावरील परिणाम भिन्न असून कित्येकदा परस्परविरोधीही असतात. ‘संगतीचा परिणाम’ असे मोघमपणे म्हटले, की हा भेद नजरेआड होतो आणि पालक व शिक्षक यांच्या पुष्कळशा चुकांचे मूळ तेथेच असते.

कुमारावस्थेला वादळी काळ मानण्याची प्रथा अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जी. स्टॅन्ली हॉल यांच्या १९०४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या द्विखंडात्मक ग्रंथापासून रूढ झाली. सर्वच मुलांच्या बाबतीत हे वर्णन खरे नाही, हे पुढील संशोधनाने दाखविले. तथापि मनोविकारांच्या उगमाच्या दृष्टीने हा काळ कळीचा आहे, यात संशय नाही. अमेरिकेत २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीनुसार आयुष्यात केव्हाही उद्‌भवणाऱ्या मनोविकारांपैकी सुमारे निम्म्यांचा आरंभ १४ व्या वर्षापर्यंत आणि तीन चतुर्थांशांचा २४ व्या वर्षापर्यंत झालेला असतो. नेमक्या याच वर्षांत मुलाचे लक्ष घराकडून सोबत्यांकडे वळते. सोबती नुसते जवळ असले, तरी वर्तन कसे पालटते, हे २००५ मध्येच मार्गो गार्डनर व लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी केलेल्या प्रयोगावरून दिसून येते. त्यांनी ३०६ व्यक्तींना मोटार चालविण्याचा एक संगणकीय खेळ खेळावयास दिला. एकट्याने खेळताना कुमारवयीन व प्रौढ यांच्यातील फरक फारसा नव्हता. मित्र शेजारी बसताच कुमारवयीनांनी पत्करलेला धोका पुष्कळ वाढला, प्रौढांच्या वर्तनात मात्र तितका पालट झाला नाही. पुढे २०११ मध्ये मेंदूच्या प्रतिमांकनाच्या साहाय्याने असे आढळले, की मित्र पाहत आहेत एवढ्या जाणिवेनेही या वयात मेंदूतील सुखप्राप्तीशी निगडित केंद्रे अधिक उद्दीपित होतात. ‘चार पोरे जमली की अक्कल गहाण पडते’ ही घरोघरची तक्रार अशा रीतीने प्रयोगशाळेत उमटली, असे म्हणावयास हरकत नाही.

समवयस्कांच्या सहवासाला संस्थेचे रूप देणारे समाजही आहेत. बस्तरमधील मुरिया जमातीचे गोटुल हे त्याचे सुपरिचित उदाहरण असून व्हेरिअर एल्विन यांनी १९४७ मधील आपल्या ग्रंथात त्याचे तपशीलवार वर्णन केले आहे. अविवाहित मुलेमुली तेथे एकत्र येत. कामे, अधिकार व शिस्त यांची व्यवस्था ती स्वतःच पाहत. आधुनिक शाळेत समवयस्कांची संख्या गोटुलाहून कितीतरी मोठी असते. पण त्यांच्या परस्परसंबंधांची जबाबदारी मात्र कोणाकडेच सोपविलेली नसते. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ जेम्स कोलमन यांनी इलिनॉय राज्यातील दहा माध्यमिक शाळांची पाहणी करून १९६१ मध्ये असे दाखविले, की शाळेच्या आत कुमारांचा एक वेगळा समाज नांदत असतो आणि त्यातील प्रतिष्ठेचे निकष शिक्षकांच्या निकषांहून निराळे असतात. अभ्यासातील यशापेक्षा मैदानावरील यश आणि लोकप्रियता यांना तेथे अधिक मोल असते.

या संबंधांना मनोविकारविज्ञानात महत्त्वाचे स्थान मिळवून देण्याचे श्रेय हॅरी स्टॅक सलिव्हन (१८९२–१९४९) यांना द्यावे लागते. सिग्मंड फ्रॉइड व त्यांचे अनुयायी यांचा भर आईवडील व मूल यांच्या संबंधांवर होता. सलिव्हन यांनी मात्र असे प्रतिपादन केले, की कुमारावस्थेच्या उंबरठ्यावर मुलाला जो पहिला जिवलग सोबती लाभतो, त्याच्या सहवासात ते प्रथमच दुसऱ्याचे सुख स्वतःच्या सुखाइतके महत्त्वाचे मानू लागते आणि दुसऱ्याच्या नजरेतून स्वतःकडे पाहू लागते. घरात झालेल्या जखमा अशा मैत्रीने काही अंशी भरून येऊ शकतात, असे त्यांचे मत होते. त्यांचे यासंबंधीचे विवेचन मृत्यूनंतर, १९५३ मध्ये, ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. आईवडिलांच्या अभावी समवयस्कच एकमेकांचा आधार कसे होऊ शकतात, याचे हृदयस्पर्शी वर्णन ॲना फ्रॉइड व सोफी डॅन यांनी १९५१ मध्ये केले. तेरेझीन येथील नाझी छळछावणीतून वाचून १९४५ मध्ये इंग्लंडला आणलेली सहा अनाथ बालके एकमेकांपासून क्षणभरही दूर होण्यास तयार नसत आणि खाऊ आधी दुसऱ्याला मिळाला की नाही, हे पाहत. ही बालके कुमारवयाची नव्हती. परंतु समवयस्क हे केवळ करमणुकीचे साधन नव्हे, हे त्यांच्या उदाहरणाने अभ्यासकांच्या मनावर ठसविले. एरिक एरिक्सन (१९०२–१९९४) यांनी कुमारावस्थेचे मुख्य कार्य ‘आपण कोण’ या प्रश्नाचा उलगडा हे मानले. त्यांच्या मते कंपूशी पूर्ण एकरूप होणे, सारखे कपडे, सारखी भाषा आणि परक्यांविषयी कठोरता ही अस्मितेच्या संभ्रमापासून बचाव करण्याची तात्पुरती साधने असतात.

मोजमापाच्या पद्धती उपलब्ध झाल्याखेरीज या मतांची पारख होणे शक्य नव्हते. जेकब मोरेनो यांनी १९३४ मध्ये समाजमितीची पद्धत मांडली. प्रत्येकाने आपल्याला कोण आवडते व कोण आवडत नाही हे सांगावयाचे आणि त्यावरून गटाचा आराखडा काढावयाचा, असे तिचे स्थूल स्वरूप. पुढे १९८२ मध्ये जॉन कुई, केनेथ डॉज व सहकारी यांनी या पद्धतीने मुलांचे प्रिय, नाकारलेली, दुर्लक्षित, वादग्रस्त व सामान्य असे पाच वर्ग पाडले. यातील नाकारलेली व दुर्लक्षित यांमधील फरक ध्यानात घेण्याजोगा आहे. दुर्लक्षित मूल कोणाच्या गणतीत नसते, तर नाकारलेल्या मुलाचे नाव सर्वांच्या तोंडी असते, पण ते ‘नको’ म्हणून. वर्ग किंवा शाळा बदलल्यावर दुर्लक्षित मुलाची स्थिती पुष्कळदा पालटते; नाकारलेल्या मुलाचा शिक्का मात्र त्याच्याबरोबर प्रवास करतो.

उत्तरायुष्याशी असलेल्या संबंधाचा एक ठळक पुरावा न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर येथून १९७३ मध्ये पुढे आला. एमोरी कोवेन व सहकारी यांनी तिसऱ्या इयत्तेतील मुलांची नाना प्रकारे माहिती गोळा केली होती : बुद्धी व अभ्यासाच्या कसोट्या, गैरहजेरी, शिक्षकांचे अभिप्राय, मुलांनी स्वतःविषयी दिलेली उत्तरे. त्याशिवाय वर्गातील मुलांना एका काल्पनिक नाटकातील भूमिका आपल्या वर्गमित्रांना वाटून देण्यास सांगितले होते. नायकाचे काम कोणी करावे, खलनायकाचे कोणी, असे ते वाटप होते. अकरा ते तेरा वर्षांनी त्या जिल्ह्याची मानसोपचारविषयक नोंदवही तपासली असता असे आढळले, की पुढे जे उपचारार्थ नोंदले गेले त्यांचे पूर्वसूचन करण्यात इतर सर्व साधनांपेक्षा आठ-नऊ वर्षांच्या वर्गमित्रांनी केलेले भूमिकावाटप अधिक यशस्वी ठरले होते. नकोशा भूमिका ज्यांच्या वाट्याला अधिक आल्या, त्यांची नावे नोंदवहीत अधिक होती. या निष्कर्षाचे दोन अर्थ लावता येतात. एक असा, की वर्गाने नाकारल्यामुळे मूल आजारी पडले. दुसरा असा, की बिघाडाची चाहूल मोठ्यांच्या आधी बरोबरीच्या मुलांना लागली. जेफ्री पार्कर व स्टीव्हन ॲशर यांनी १९८७ पर्यंतच्या संशोधनाचा आढावा घेतला, तेव्हाही हा पेच सुटलेला नव्हता. मुलाला समवयस्कांनी नाकारलेले असणे आणि त्याने पुढे शाळा सोडणे किंवा गुन्हेगारीकडे वळणे यांतील संबंध त्यांना बऱ्यापैकी पक्का वाटला. मनोविकारांबाबतचा पुरावा मात्र त्यांनी अपुरा ठरविला.

मैत्री व लोकप्रियता या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे त्यानंतरच्या संशोधनाने स्पष्ट केले. व्हर्जिनिया विद्यापीठातील जोसेफ ॲलन व सहकारी यांनी १६९ कुमारवयीनांचा १५ व्या वर्षापासून २५ व्या वर्षापर्यंत पाठपुरावा केला. त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. पंधरा-सोळाव्या वर्षी ज्यांची एखादी तरी घट्ट व विश्वासाची मैत्री होती, त्यांच्यातील चिंता व विषाद यांची लक्षणे पंचविशीपर्यंत तुलनेने कमी झालेली आणि स्वतःविषयीची मूल्यभावना वाढलेली आढळली. याउलट त्या वयात वर्गात ज्यांना मोठी मागणी होती, त्यांच्या ठिकाणी पुढे सामाजिक चिंता अधिक दिसून आली. यातील वैशिष्ट्य असे, की मैत्रीचा लाभ त्या वेळी दिसत नव्हता. तो पुढील दहा वर्षांत हळूहळू प्रकट झाला. मूल ‘चारचौघांत मिसळत नाही’ म्हणून चिंता करणाऱ्या पालकांची संख्या मोठी असते; त्याला एक तरी खरा मित्र आहे का, असा प्रश्न विचारणारे पालक प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यात विरळाच आले.

मैत्रीलाही दुसरी बाजू असते. ॲमँडा रोझ यांनी २००२ मध्ये एका विशिष्ट प्रकारच्या संभाषणाकडे लक्ष वेधले. दोन मैत्रिणी एकच दुःख पुनःपुन्हा उगाळतात, त्याचे कंगोरे तपासतात, पुढे काय वाईट होईल याचे तर्क करतात. या ‘सहरवंथा’ने मैत्री अधिक दृढ होते आणि त्याबरोबर विषादाची लक्षणेही आढळतात. ही प्रवृत्ती मुलांपेक्षा मुलींत अधिक असल्याचे दिसून आले. मन मोकळे करणे नेहमीच हितकारक असते, या प्रचलित समजुतीला त्यामुळे मर्यादा पडली.

समवयस्कांकडून होणाऱ्या छळाचा शास्त्रीय अभ्यास स्कँडिनेव्हियात डॅन ओल्वेअस यांनी १९७० च्या सुमारास सुरू केला. नॉर्वेत १९८२ च्या अखेरीस तीन मुलांनी आत्महत्या केल्या. सोबत्यांचा छळ हे त्यांमागील संभाव्य कारण मानले गेले आणि १९८३ मध्ये शासनाने देशभर प्रतिबंधक मोहीम हाती घेतली. तोवर ‘पोरांची भांडणे’ म्हणून सोडून दिला जाणारा हा प्रकार सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न बनला. या छळाची खूण किती काळ टिकते, याचे उत्तर ब्रिटनमध्ये १९५८ सालच्या एका आठवड्यात जन्मलेल्यांच्या आजन्म पाहणीने दिले. त्यांपैकी ७,७७१ व्यक्तींविषयी २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणानुसार, ७ व ११ व्या वर्षी ज्यांचा वारंवार छळ झाला होता (ही माहिती त्या वेळी पालकांनी दिली होती), त्यांच्यात पन्नाशीच्या सुमारासही विषाद, चिंताविकृती व आत्महत्येचे विचार यांचे प्रमाण अधिक होते. त्यांचे सामाजिक संबंधही तोकडे होते. बालपणीची बुद्धिमत्ता, घरची परिस्थिती व आधीचे वर्तनविषयक प्रश्न हिशेबात घेऊनही हा फरक उरला. उत्तर कॅरोलायना राज्याच्या पश्चिम भागातील १,४२० मुलांच्या दीर्घकालीन पाहणीत (२०१३) छळ सोसणाऱ्यांना पुढे चिंताविकृती, तर केवळ छळ करणाऱ्यांना समाजविघातक व्यक्तिमत्त्वविकृती अधिक प्रमाणात जडल्याचे आढळले. सर्वांत बिकट अवस्था मात्र एके ठिकाणी छळ सोसून दुसऱ्या ठिकाणी छळ करणाऱ्या मुलांची होती. शिक्षेच्या वेळी हीच मुले बहुधा पहिल्यांदा हाती लागतात.

जुळ्यांच्या अभ्यासाने या चित्राला थोडा संयम शिकविला. इंग्लंड-वेल्समधील सुमारे अकरा हजार जुळ्यांच्या पाहणीत (२०१७) एकाचा छळ झाला व दुसऱ्याचा झाला नाही, अशा जोड्यांची तुलना करून आनुवंशिकता व घर यांचा भाग वेगळा काढण्यात आला. छळामुळे प्रत्यक्ष निर्माण झालेली चिंता दोन वर्षांनंतरही होती; परंतु पाच वर्षांनंतर तिचा मागमूस राहिला नाही. संशयी विचार व विचारांतील विस्कळीतपणा यांवरील अल्प परिणाम तेवढा टिकून होता. म्हणजे छळ खरोखरच अपाय करतो, पण पुष्कळांच्या बाबतीत मन सावरतेही. ज्यांचे सावरत नाही, त्यांच्या ठिकाणी आधीची दुर्बलता किंवा पुढेही चालू राहिलेली प्रतिकूलता असण्याचा संभव असतो.

‘ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला’ ही म्हण प्रस्तुत विषयातील सर्वांत अवघड प्रश्नाला सहज स्पर्श करते. मित्र एकमेकांसारखे असतात, हे निर्विवाद आहे. परंतु ते सहवासाने तसे होतात, की मुळात सारखे असल्याने एकत्र येतात? डेनिस कँडेल यांनी १९७८ मध्ये कुमारवयीन मित्रांच्या जोड्या शालेय वर्षाच्या आरंभी व शेवटी तपासून असा निष्कर्ष काढला, की निवड व प्रभाव या दोन्ही प्रक्रिया घडतात आणि दोहोंचा वाटा साधारण सारखाच असतो. म्हणीतील बैलांना मात्र निवडीचे स्वातंत्र्य नव्हते. त्यांना मालकाने बांधले होते. संशोधनाच्या दृष्टीने हीच परिस्थिती सोयीची, आणि ती शाळेच्या वर्गात आढळते.

फिनलंडमध्ये राष्ट्रीय नोंदणीपुस्तकांच्या आधारे झालेले व २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेले संशोधन या दृष्टीने महत्त्वाचे आहे. त्यात १९८५ ते १९९७ या काळात जन्मलेल्या ७,१३,८०९ व्यक्तींचा व ८६० शाळांचा समावेश होता. नवव्या इयत्तेत ज्यांच्या वर्गात एकाहून अधिक मुलांना मनोविकाराचे निदान झालेले होते, त्या निरोगी मुलांना पुढे स्वतःस निदान होण्याचा धोका सुमारे ५ टक्क्यांनी अधिक होता. असा एकच वर्गमित्र असेल, तर एकूण काळात लक्षणीय वाढ दिसली नाही. पहिल्या वर्षी मात्र हे प्रमाण अनुक्रमे १८ व ९ टक्के होते. विषाद व तत्सम भावस्थितीच्या विकृती, चिंताविकृती आणि आहारविषयक विकृती यांच्या बाबतीत हा संबंध सर्वांत ठळक होता. यावरून ‘मनोविकार संसर्गजन्य आहे’ असा अर्थ काढणे हा विपर्यास होय. एका वर्गमित्राने उपचार घेतलेले पाहून दुसऱ्याला आपल्या त्रासाला नाव सापडते, संकोच कमी होतो आणि तो दवाखान्याची पायरी चढतो, हेही निदान वाढण्याचे एक कारण असू शकते. तसे असेल, तर ती वाढ अनिष्ट म्हणता येणार नाही. शाळा, परिसर व शिक्षक सर्वांना समान असल्याने त्यांचाही प्रभाव पूर्णपणे वजा करता येत नाही. शिवाय पाच टक्के ही वाढ व्यक्तीच्या दृष्टीने अगदी लहान आहे. आजारी मुलाला वर्गातून दूर ठेवण्यास या आकड्यांत कोणताही आधार नाही.

समवयस्कांच्या प्रभावाकडे दुर्लक्ष करून आखलेल्या सदिच्छ योजना कशा उलटतात, याचे शास्त्राच्या इतिहासातील सर्वांत बोधप्रद उदाहरण मॅसॅचूसेट्स राज्यातील केंब्रिज व सॉमरव्हिल या शहरांत घडले. रिचर्ड क्लार्क कॅबट या वैद्याच्या प्रेरणेने १९३९ मध्ये तेथे मुलांना वाईट मार्गापासून परावृत्त करण्याचा प्रकल्प सुरू झाला. एकमेकांशी जुळणाऱ्या मुलांच्या जोड्या लावून प्रत्येक जोडीतील एकाची निवड नाणे उडवून करण्यात आली. निवडलेल्या मुलांच्या घरी समुपदेशक महिन्यातून सुमारे दोनदा जात. अभ्यासात मदत, वैद्यकीय साहाय्य आणि उन्हाळी शिबिरे यांची सोय केली जाई. प्रकल्प १९४५ मध्ये संपला. सुमारे तीस वर्षांनी जोन मॅकॉर्ड यांनी या ५०६ व्यक्तींचा शोध घेतला, तेव्हा मदत मिळालेल्यांपैकी दोन तृतीयांश लोकांनी आपले त्यामुळे भले झाले, असे सांगितले. कागदपत्रे निराळेच सांगत होती. मदत मिळालेल्यांत पुन्हा गुन्हा करणारे, मद्यासक्तीची किंवा गंभीर मनोविकाराची लक्षणे असणारे आणि अकाली मृत्यू पावलेले त्यांच्या जोडीदारांपेक्षा अधिक होते. मॅकॉर्ड यांनी हे निष्कर्ष १९७८ मध्ये प्रसिद्ध केले. अपाय कोठून झाला, याचे संभाव्य उत्तर १९९९ मध्ये मिळाले : ज्या मुलांना उन्हाळी शिबिराला एकाहून अधिक वेळा पाठविले होते, मुख्यतः त्यांच्याच बाबतीत अनिष्ट परिणाम झाला होता. याच सुमारास टॉमस डिशन यांनी ऑरेगनमधील १३-१४ वर्षांच्या मुलांच्या त्यांच्या मित्रांशी चाललेल्या गप्पांचे चित्रीकरण करून त्यामागील यंत्रणा उलगडली होती. नियम मोडल्याच्या गोष्टीला हसून दाद मिळाली, की तशी पुढची गोष्ट निघते. ही दाद जितकी अधिक, तितके पुढील काळात गैरवर्तन अधिक. हसू हेच तेथे बक्षीस असते आणि ते देणारा पर्यवेक्षक नसून शेजारचा मुलगा असतो. वाट चुकलेल्या मुलांना एकत्र ठेवून सुधारण्याची कल्पना निरीक्षणगृहे, सुधारगृहे आणि काही शाळांतील ‘मागे पडलेल्यांच्या’ स्वतंत्र तुकड्या यांच्या मुळाशी अद्यापही आहे. सर्वच गटोपचार अपायकारक असतात, असे मात्र नाही. रचनाबद्ध कार्यक्रम, पुरेसे प्रौढ मार्गदर्शक आणि संमिश्र गट असल्यास धोका कमी होतो.

समवयस्कांचे महत्त्व अतिशयोक्तीने मांडणारेही अभ्यासक आहेत. ज्यूडिथ रिच हॅरिस यांनी १९९५ मधील एका निबंधात व १९९८ मधील ग्रंथात असे प्रतिपादन केले, की मुलाच्या व्यक्तिमत्त्वावर आईवडिलांच्या संगोपनाचा टिकाऊ परिणाम जवळजवळ नसतोच. आनुवंशिकता व समवयस्कांचा गट हेच निर्णायक असतात. या मताने मोठी खळबळ माजली. तथापि मूल कोठे राहील, कोणत्या शाळेत जाईल व कोणाबरोबर वावरेल हे बहुतांशी आईवडीलच ठरवीत असल्याने दोन प्रभावांची अशी फारकत करणे कृत्रिम वाटते.

भारतात २०१५-१६ मध्ये झालेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीत १३ ते १७ वयोगटातील सुमारे ७.३ टक्के मुलांना मनोविकार असल्याचे आढळले. या पाहणीतील बारा राज्यांत महाराष्ट्राचा समावेश नव्हता. समवयस्कांच्या छळाची दखल भारतीय कायद्याने प्रथम महाविद्यालये व वसतिगृहे यांतील ‘रॅगिंग’च्या रूपाने घेतली. महाराष्ट्राने १९९९ मध्ये रॅगिंग प्रतिबंधक अधिनियम करून दोन वर्षांपर्यंत कारावास व दहा हजार रुपयांपर्यंत दंड अशी शिक्षा ठरविली. विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ मध्ये देशव्यापी विनियम जारी केले. वर्गातला रोजचा, आवाज न होणारा बहिष्कार (नावे ठेवणे, डब्याला सोबत न घेणे, जातीवरून किंवा बोलीवरून टोचणे) या कायद्यांच्या कक्षेत सहसा येत नाही. अलीकडे या बहिष्काराला भ्रमणध्वनीवरील गटांची जोड मिळाली असून शाळा सुटल्यावर त्यातून सुटका होण्याची पूर्वीची सोयही राहिलेली नाही.

शाळेचे वातावरणच बदलण्याचा एक मोठा प्रयोग बिहारच्या नालंदा जिल्ह्यातील ७४ शासकीय माध्यमिक शाळांत झाला. गोव्यातील ‘संगाथ’ या संस्थेचा त्यात प्रमुख सहभाग होता. शाळांचे तीन गट करण्यात आले. एका गटात स्थानिक, मानसशास्त्राची पदवी नसलेल्या पण प्रशिक्षण दिलेल्या व्यक्तींनी कार्यक्रम राबविला. दुसऱ्यात तोच कार्यक्रम शाळेतील शिक्षकांनी राबविला. तिसऱ्यात केवळ नेहमीचा जीवनकौशल्यविषयक अभ्यासक्रम होता. निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. पहिल्या गटातील शाळांत नववीच्या विद्यार्थ्यांमधील छळ, हिंसा व विषादाची लक्षणे कमी झाली आणि शाळेविषयीची आपुलकी वाढली; शिक्षकांनी राबविलेल्या कार्यक्रमाचा मात्र परिणाम दिसला नाही. शिक्षक अपात्र होते असा याचा अर्थ नव्हे. अध्यापन, परीक्षा व शिस्त यांची जबाबदारी ज्याच्यावर आहे, त्याच्यापाशी विद्यार्थी सोबत्यांविषयीची तक्रार घेऊन सहसा जात नाहीत, असा एक तर्क करता येतो. पहिल्या गटातील सुधारणा दुसऱ्या वर्षीही टिकून असल्याचे २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अनुवर्ती अहवालात नमूद केले आहे.